वहीचं मागचं पान तिचं तिला राहू द्या

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी यंदा दहावीला. तिच्या सगळ्या वह्यांची मागची पानं गिरगोट्यांनी भरलेली. चौकोनात चौकोन, वेली, डोळे, मोरपिसं, कुठे नुसत्याच आडव्या-उभ्या रेघा. पालकसभेत बाईंनी वही उघडून तुमच्यापुढे धरली आणि "हिचं वर्गात लक्षच नसतं" म्हणाल्या. घरी आल्यावर तुम्ही तिला बोललात. ती रडली आणि म्हणाली, "रेघा मारत असते तेव्हाच मला नीट ऐकू येतं." हे खरं असू शकतं का, की ही सबब आहे, असं तुम्ही विचारलंय. या चित्रांवरून तिच्या मनात काही चाललंय असं समजायचं का, हेही विचारलंय. आणि शेवटी एका ओळीत सांगितलंय, की फोनवर बोलताना तुम्ही स्वतः कालनिर्णयच्या कोपऱ्यात, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी, फुलं काढत असता.

मी 25 वर्षं समुपदेशन करते आहे, शाळकरी मुलांचं आणि मोठ्यांचंही. माझ्या टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि चार-पाच पेनं कायम ठेवलेली असतात. घ्या म्हणून मी कुणाला सांगत नाही. बहुतेकांचा हात पहिल्या दहा मिनिटांत आपसूक तिकडे जातो. त्या कागदांवर जे पाहिलंय त्यावरून सांगते: तुमची मुलगी बहुधा खरंच बोलते आहे.

कंटाळवाणं काही ऐकताना मन जागेवर बसून राहत नाही, उठून चालू लागतं. डब्यात काय असेल, काल मैत्रीण तसं का बोलली, सहामाहीला किती पडतील. एकदा त्या विचारात शिरलं की बाईंचा आवाज कानावर पडतो, पण आत काही जात नाही. असं स्वतःच्या विचारांत हरवणं मेंदूला भरपूर कामाला लावतं. त्यात माणसं असतात, संवाद असतात, पुढचे बेत असतात. हाताला मात्र एखादं साधं, डोकं न लागणारं काम दिलं, तर मनाची ती भटकंती थोडी आवरते. जनावराला चरायला सोडताना दावं लांब ठेवतात ना, तसं. ते हलतं, पण लांब जात नाही.

याची परीक्षा इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी घेतली होती. 2009 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी 40 माणसांना अडीच मिनिटांचा एक कमालीचा रटाळ निरोप टेपवर ऐकवला. कुणाच्या तरी वाढदिवसाला कोण येणार, कोण नाही, कोण कुठे राहतं, असला. येणाऱ्यांची नावं लिहून घ्या, एवढंच काम. निम्म्या लोकांना सोबत छापील चौकोन आणि गोल भरत बसायला सांगितलं. निरोप संपल्यावर अचानक विचारलं, की आता नावंही सांगा आणि गावंही सांगा. गावं लक्षात ठेवायला कुणालाच सांगितलेलं नव्हतं. एकूण 16 गोष्टींपैकी नुसतं ऐकणाऱ्यांना सरासरी 5.8 आठवल्या, आकार भरणाऱ्यांना 7.5. म्हणजे 29 टक्के जास्त.

हा आकडा पुढे फार फिरला आणि फिरता फिरता फुगला. "चित्र काढलं की स्मरणशक्ती वाढते" असं काही त्यातून निघत नाही. ती माणसं मनाची चित्रं काढत नव्हती, दिलेले आकार भरत होती. काम ऐकण्याचं होतं आणि कंटाळवाणं होतं. या तीन अटी जिथे जुळतात तिथे हा फायदा मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे कान मोकळे आहेत, विषय रटाळ किंवा लांबलेला आहे आणि हातातलं काम सोपं, पुन्हापुन्हा तेच येणारं आहे.

म्हणून मुलीला एक नेमका प्रश्न विचारा: कुठल्या तासाला जास्त रेघा मारतेस? इतिहासाच्या किंवा मराठीच्या तासाला, बाई वाचून दाखवत असताना, असं म्हणाली तर काळजीचं कारण नाही. पण भूमितीचं प्रमेय फळ्यावर चाललंय, रसायनाची समीकरणं एकामागून एक पडताहेत आणि हिचे डोळे मागच्या पानावर आहेत, तर बाईंचं म्हणणंही बरोबर आहे. डोळे एका वेळी एकाच जागी राहतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात शब्दांच्या यादीवर असा अभ्यास झाला होता. ज्यांनी त्या त्या शब्दाचंच चित्र काढलं त्यांना शब्द चांगले आठवले. ज्यांनी नुसत्या गिरगोट्या काढल्या त्यांना तसा काही फायदा झाला नाही. म्हणजे अभ्यास पाठ करताना चित्र काढायचं, तर धड्यातलंच काढावं: हृदयाचे चार कप्पे, मान्सूनचे वारे. आणि ऐकताना काढायचं तर वेलीच काढाव्यात. ही दोन वेगळी कामं आहेत.

हे झालं लक्षाबद्दल. मला जास्त सांगायचंय ते मनाबद्दल.

एक गृहस्थ माझ्याकडे यायचे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पन्नाशी उलटलेली, आयुष्यभर हिशोबाचं काम केलेलं, पत्नी जाऊन सात महिने झालेले. मुलीनं आग्रहानं पाठवलं होतं. पहिल्या तीन भेटींत "ठीक आहे", "चाललंय", "आता काय करणार" यापलीकडे एक शब्द नाही. चौथ्या भेटीत त्यांनी पेन उचललं आणि पाठकोऱ्या कागदावर चौकटी आखायला सुरुवात केली. हातानंच, पण पट्टीनं आखल्यासारख्या. मग एक आड एक चौकट काळी करू लागले. घाई नाही. कोपऱ्यापासून सुरुवात, कडेनं एक फेरी, मग आतला भाग तिरक्या रेघांनी. एक चौकट भरायला अर्धा मिनिट लागत असेल. मी काही विचारलं नाही. अकरावी की बारावी चौकट भरताना, मान वर न करता, ते म्हणाले, "सकाळचा चहा मी अजून दोन कपच टाकतो." आणि पुढची चौकट भरायला घेतली. त्या दिवशी ते चाळीस मिनिटं बोलले.

चौकटींनी त्यांचं दुःख कमी केलं असं मी म्हणणार नाही. पण हातात काम होतं म्हणून माझ्या डोळ्यांत बघायची सक्ती नव्हती. मध्येच गप्प झाले तरी ती शांतता अंगावर येत नव्हती, कारण पेन चालू होतं. आपल्याकडच्या बायका हे पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. शेंगा सोलताना, मेथी निवडताना, गोधडी शिवताना जे बोलणं होतं, ते समोरासमोर खुर्च्या मांडून होत नाही. पुरुषांना अशी निवडण-टिपणाची कामं मिळाली नाहीत, आणि तुमच्या मुलीच्या पिढीतल्या मुलींच्या हातूनही ती गेली. त्यांच्या हाताला आता फोन असतो, आणि फोन नजर मोकळी सोडत नाही.

शरीरातही काही घडतं. हातानं काही करण्याचा ताणावर काय परिणाम होतो, हे अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी तपासलं. 2016च्या त्यांच्या अभ्यासात 39 प्रौढांना 45 मिनिटं माती, स्केचपेनं, कोलाजचं सामान देऊन हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. कॉर्टिसॉल म्हणजे ताणाच्या वेळी शरीर सोडतं ते संप्रेरक. सुमारे 75 टक्के लोकांत ते उतरलं. चित्रकलेचा अनुभव असलेल्या-नसलेल्यांत फारसा फरक पडला नाही. उरलेल्यांत मात्र ते उतरलं नाही, हेही ध्यानात ठेवा. हा उपाय सगळ्यांना लागू पडतो असं नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी 26 जणांच्या कपाळाला संवेदक पट्टी बांधून रंग भरणं, गिरगोट्या काढणं आणि मुक्त चित्र काढणं यांची तुलना केली. प्रत्येक प्रकाराला तीन मिनिटं. विश्रांतीच्या तुलनेत तिन्हींत मेंदूच्या पुढच्या भागातला रक्तप्रवाह वाढला. एखादी गोष्ट बरी वाटते, करावीशी वाटते, त्याच्याशी या भागाचा संबंध आहे. गिरगोट्यांत वाढ सर्वांत जास्त दिसली, पण तिन्हींतला फरक ठाम म्हणण्याएवढा नव्हता. मला त्यातली एक बारीक गोष्ट आवडली: गिरगोट्या काढायला कोरा कागद दिला नव्हता, त्यावर एक वर्तुळ छापलेलं होतं.

कारण घाबरलेल्या माणसाला कोरा कागद नकोसा होतो. काय काढू, येईल का, चुकेल का, अशी नवी काळजी सुरू होते. 2005 साली 84 विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हेच दिसलं होतं. मंडलाची (म्हणजे गोलात बसवलेल्या नक्षीची) आकृती किंवा चौकड्यांची नक्षी रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदावर काहीही काढणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली. हद्द ठरलेली असली की मन सैलावतं. ठिपक्यांची रांगोळी आठवा. सात ते एक ठिपके मांडले की निम्मं काम झालेलं असतं, पुढे हात ठिपक्यांच्या मागे जातो. माझी आजी चातुर्मासात रोज देवापुढे 33 गोपद्मं काढायची. तेहतीस वेळा तेच लहानसं पाऊल. तिला विचारलं असतं तर तिनं पुण्याचं कारण सांगितलं असतं आणि ते तिच्यासाठी खरंच होतं. मी फक्त एवढं सांगेन, की गोपद्मं काढून उठलेली आजी आणि त्याआधी स्वयंपाकघरात भांडी आपटणारी आजी, या दोघींच्या आवाजात फरक असायचा.

वहीचं मागचं पानही असंच हद्द असलेलं असतं. रेघा आधीच आखलेल्या, समास आहे, जागा थोडी, आणि ते कुणी तपासणार नाही याची खात्री. परवापर्यंत तरी होती.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, आणि इथे मी जरा ठासून बोलणार आहे. चित्रांवरून स्वभाव ओळखून देणारे लोक आजकाल गल्लोगल्ली आहेत. टोकदार आकार म्हणजे राग, डोळे म्हणजे कुणीतरी पाळत ठेवतंय ही भीती, काळा रंग म्हणजे नैराश्य. ताई, यावर विश्वास ठेवू नका. 2005च्या जानेवारीत दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत टेबलावर गिरगोट्यांचा एक कागद सापडला. तो ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचा आहे असं समजून तिथल्या वर्तमानपत्रांनी हस्ताक्षरतज्ज्ञांना दाखवला. तज्ज्ञांनी त्यातून प्रचंड ताणाखाली असलेला माणूस वाचून दाखवला. मग खुलासा आला, की कागद ब्लेअर यांचा नव्हताच, शेजारी बसलेल्या बिल गेट्स यांचा होता. ज्यांना जे दिसायचं होतं ते त्यांना दिसलं. मुली डोळे काढतात, कारण डोळा काढायला सोपा असतो आणि छान दिसतो. एवढं कारण पुरेसं आहे.

चित्राचा अर्थ जाणून घ्यायचाच असेल, तर ते काढणाऱ्याकडूनच कळू द्यावा, आणि त्याला वाटेल तेव्हा. मी इतकंच म्हणते, "या कोपऱ्यात खूप वेळ गेलेला दिसतोय." कधी उत्तर येतं, कधी नाही.

मी बघते ते बदलाकडे. रोज वेली काढणारं मूल अचानक काहीच काढेनासं झालं. कागद फाटेपर्यंत पेन दाबलं जाऊ लागलं. रेघा कागदावरून हातावर, मनगटावर यायला लागल्या आणि त्या पेनच्या राहिल्या नाहीत. पानावर मरणाबद्दल, "मी नसते तर" असं काही लिहिलेलं दिसलं. सोबत झोप उडाली, जेवण तुटलं, मैत्रिणी सुटल्या. यातलं काही असेल तर त्या पानावर विचार करत बसू नका, मुलीशी सरळ बोला आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं. गिरगोट्या हा औषधोपचार नाही. नैराश्य, पॅनिकचे झटके, झोप पूर्ण उडणं यांवर उपचार असतात आणि ते घ्यावेत. पेन-कागद सोबतीला चालतो. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला यातली एकही खूण दिसली नाही.

मुलगी रागात असेल, दुखावलेली असेल, तेव्हा "जा, सगळा राग कागदावर काढ" असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. मीही पूर्वी द्यायचे. 2008 साली बॉस्टन कॉलेजमधल्या एका अभ्यासात लोकांना दुःखद चित्रपट दाखवून मग चित्र काढायला दिलं होतं. काहींना मनातलं दुःखच उतरवायला, काहींना आनंद देणारं काही काढायला. मूड जास्त सुधारला तो दुसऱ्यांचा. त्यानंतर मी माझ्याकडच्या मुलांकडे नीट पाहू लागले आणि मलाही तसंच दिसलं. राग काढायला बसवलेलं मूल पुष्कळदा आणखी चिडून उठतं. तेच मूल मांजरी, कपकेक, ढग काढत बसलं तर वीस मिनिटांनी स्वतःहून सांगतं की शाळेत काय झालं. आधी पाणी निवळू द्यावं लागतं.

दहावीच्या मुलींसाठी यात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. यांचं सगळं वर्ष चूक न करण्यात जातं. खाडाखोड केली की नीटनेटकेपणाचे गुण जातात. गिरगोटीत रेघ चुकली तर काय होतं? ती रेघ फांदी होते, शेपटी होते, नाहीतर तिला दुसरी रेघ जोडून नवाच आकार तयार होतो. रवींद्रनाथ टागोर कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द असेच एकमेकांना जोडत जायचे, त्यातून पक्षी आणि अनोळखी प्राणी उमटायचे. 1924 साली अर्जेंटिनात आजारपणामुळे मुक्काम पडला असताना त्यांच्या यजमान, लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या नजरेला त्या वहीतल्या खाडाखोडी पडल्या आणि त्या हरखल्या. 1930 साली पॅरिसमध्ये टागोरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेही ओकाम्पोंच्याच खटपटीनं. तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. तुमची मुलगी चित्रकार होईल असं मी सुचवत नाहीये. चुकलेल्या रेघेचं पुढे काहीतरी करता येतं, हे तिच्या हाताला रोज कळतंय, आणि ते तिला या वर्षी लागणार आहे.

म्हणूनच एक विनंती. तुम्ही तिला आता चित्रकलेच्या क्लासला घालायचा विचार करत असाल, तर आधी तिला विचारा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा चांगल्याच आहेत, इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुणही मिळतात. पण तिथे स्थिरचित्र, संकल्पचित्र, वेळ, श्रेणी असं सगळं असतं. त्याची आवड असेल तर जरूर करू दे. या मागच्या पानाचा मात्र क्लास करू नका. त्याचे फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, कौतुक म्हणूनसुद्धा. कुणी बघणार आहे असं कळलं की हात सावध होतो, आणि मग तो पुन्हा परीक्षेचाच पेपर होतो.

बाईंना भेटा, तक्रार म्हणून नाही. सांगा, की फळ्यावर काही चाललं असेल तेव्हा ती पेन खाली ठेवेल, तसं तिनं कबूल केलंय. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा तिला रेघा मारू द्या, आणि हवं तर मध्येच एखादा प्रश्न विचारून बघा. दोन आठवडे करून बघायला बहुतेक शिक्षक तयार होतात. उत्तरं येत नसतील, तर मग तिच्या म्हणण्याचा पुन्हा विचार करू. विषयाच्या वहीत नको असेल तर एक 100 पानी वही वेगळी द्या. चौकडीची घ्या, गणिताची असते तशी. कव्हर, लेबल काही घालू नका. आणि साधं बॉलपेन द्या, महागडी रंगीत पेनं आणलीत तर ती पुन्हा "नीट" काढायला बसेल.

तुमच्याबद्दलही लिहिते, कारण ती एक ओळ तुम्ही उगाच लिहिली नसणार. फोनवर कुणाशी बोलताना ती फुलं जास्त निघतात, ते आठवून बघा. माझ्याकडच्या कितीतरी बायकांना हे आठवायला सांगितल्यावर प्रत्येकीच्या तोंडून कुणातरी एकाच माणसाचं नाव निघालं. रात्री झोपण्याआधी पाच-सात मिनिटं, स्वयंपाकघरातली लाइट बंद करायच्या आधी, वाण्याच्या यादीच्या मागच्या बाजूला काढलंत तरी चालेल. वाटीच्या बुडानं एक गोल काढा आणि आतून भरत जा. संपलाच पाहिजे असं नाही.

मुलीशी आज बोलाल तेव्हा "बाईंना काय सांगायचं" तिथून सुरुवात करू नका. तिचं काल न ऐकता रागावलात एवढं आधी सांगा. मग तुमचं कालनिर्णयचं पान तिला दाखवा.